हात पडला की वस्तू त्याची

फोरमनचा हात आधी उठायचा आणि तोंड नंतर उघडायचं. माझी त्यांची ओळखच थपडेनं झाली. नोकरीसाठी अमरावतीहून पुण्यात आलो, सदाशिव पेठेत त्यांच्या बाहेरच्या खोलीत भाड्यानं राहू लागलो, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या कपाटातला एक पितळी अडकित्ता न विचारता उचलला. कानाखाली असा जाळ निघाला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "वस्तूवर हात टाकायचा तर घ्यायचा इरादा हवा," ते म्हणाले. मी मनातल्या मनात वऱ्हाडी शिव्या घातल्या आणि तरी तिथेच सहा वर्षं राहिलो. आज ते नाहीत, आणि कुठे अडकित्ता दिसला की माझा हात अजून गालाकडे जातो.

कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माणसं हाकली. निवृत्तीनंतर हाकायला कुणी उरलं नाही, म्हणून हा माणूस अडकित्ते जमवू लागला. घोड्याचे, पोपटाचे, बाईच्या आकाराचे, शंभरावर होते. सुपारी मात्र कधी खाल्ली नाही, कारण तोंडात कवळी. कपाटाला धक्का लागला म्हणून त्यांनी मीटर बघायला आलेल्या माणसाला जिन्यावरून खाली लोटलेलं मी पाहिलं आहे. वर "सावकाश जा, पायऱ्या जुन्या आहेत," असंही म्हणाले.

दर बुधवारी आणि रविवारी ते जुन्या बाजारात जायचे. सोबत कंपाउंडर. पेठेतल्या एका डॉक्टरांकडे आयुष्यभर औषधं बांधलेला हा शांत माणूस, त्यालाही हाच नाद. भाव ऐकला की फोरमन डोळे वटारून विचारायचे, "आठशे? कुणाचा मुडदा पाडून आणलायस?" आणि पाठ फिरवून चालू लागायचे. दहा पावलांत मागून हाक आली नाही असं क्वचितच झालं. त्या दहा पावलांत भाव निम्मा व्हायचा.

बाजारात या दोघांचा एक कायदा होता. ताडपत्रीवरच्या वस्तूवर ज्याचा हात आधी पडला, ती त्याची. दुसऱ्यानं हात मागे बांधून उभं राहायचं, भाव वाढवायचा नाही, तोंड उघडायचं नाही. वीस वर्षं दोघांनी हा कायदा पाळला. एकदा तिसऱ्याच कुणी कंपाउंडरांच्या हाताखालची वस्तू ओढली, तेव्हा फोरमननी त्याचं मनगट असं पिरगाळलं की तो माणूस गुडघ्यावर आला.

मग त्यांच्या अमेरिकेतल्या मुलानं घरात कंप्युटर बसवला आणि खराडीतल्या माझ्या कंप्युटरच्या नोकरीमुळे तो चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यावरून वडिलांशी बोलायला मुलाला वेळ नसायचा. लिलावाच्या साइटवर अडकित्ते विकायला असतात हे मीच दाखवलं. ती माझी चूक, कबूल करतो.

पडद्यावर बोली लावणाऱ्यांची नावं दिसत नसत. एक अक्षर आणि पुढे चांदण्यांच्या खुणा. फोरमनना ती चांदणी म्हणजे शत्रू वाटायची. आधी म्हणायचे, हजाराच्या वर एक पैसा नाही. कुणी पन्नास वाढवले की मांडीवर मूठ आपटायचे. पन्नास रुपड्यांसाठी हार मानू काय? चढव. असे पन्नास-पन्नास करत आम्ही कुठच्या कुठे जायचो. वस्तू बाजूलाच राहायची, समोरच्याला आडवा करणं उरायचं. बाजारात ते पाठ फिरवू शकत होते. इथे मागून हाक मारणारं कुणी नव्हतं. डोळे वटारायला समोर तोंडही नव्हतं. हरले की पेला भिंतीवर फुटायचा आणि पुढच्या वस्तूला आणखी जास्त पैसे जायचे. शेवटचं मिनिट आलं की माझी मान पकडून ओरडायचे, "घाल घाव!" मानेवर त्यांची बोटं उमटायची. खोटं कशाला बोलू, मलाही चेव यायचा.

मोराच्या डोक्याचा अडकित्ता आम्ही असाच मारला. बाजारात तो सातशेला मिळाला असता, आम्हाला अकरा हजारांना पडला. रविवारी फोरमन तो पिशवीत घालून मिरवायला बाजारात घेऊन गेले. मीही होतो. चहाच्या टपरीवर त्यांनी तो बाहेर काढला आणि कंपाउंडरांनी चहाचा कप खाली ठेवला. ते हळूच म्हणाले की दहा हजार नऊशे पन्नासपर्यंत समोरची बोली आपलीच होती. सून बोली लावून द्यायची. मागचे तीन अडकित्तेही कुणीतरी असेच शेवटच्या क्षणी हिसकावले होते.

"माझ्या हातावर हात टाकलास?" फोरमननी विचारलं.

"हात दिसतो कुठे रे त्यात?" कंपाउंडर म्हणाले.

फोरमननी सगळा जोर लावून मारलं. डाव्या कानावर. कंपाउंडर बाकावरून खाली पडले, चष्मा फुटला, कानातून रक्ताची धार मानेपर्यंत आली. दुसऱ्यांदा हात उठला तो मी धरला, तर कोपरानं माझा ओठ फुटला. त्या दिवशी मी भर बाजारात त्यांना तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. वयाचा मुलाहिजा ठेवला नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

कंपाउंडरांच्या कानाचा पडदा फाटला. तो कान कायमचा गेला. घरी येऊन फोरमननी हातोडीनं कंप्युटर ठेचला; कळफलकाची बटणं मुरमुऱ्यांसारखी खोलीभर उडाली. मग तीच हातोडी ठेवून आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. जेवले नाहीत.

माफी मागायला त्यांची जीभ कधी वळली नव्हती, आताही वळेना. पुढच्या बुधवारी त्यांनी मोराचा अडकित्ता बाजारातल्या पितळवाल्याला सांगून त्याच्या ताडपत्रीवर ठेवला, भांड्यांच्या ढिगात, सगळ्यांना दिसेल असा. आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी विचारलं, काय करून राहिले काका? एरवी माझ्या बोलण्याची टर उडवली असती. म्हणाले, "त्याचा हात पडेल."

पाच महिने ते बुधवारी आणि रविवारी तसे उभे राहिले. उन्हात, पावसात. दुसऱ्या कुणी अडकित्ता उचलला की "खाली ठेव, नाहीतर बोटं मोडीन," असं गुरगुरायचे. एका हौशी गिऱ्हाईकानं ऐकलं नाही, त्याची कॉलर फाटली. कंपाउंडर आले नाहीत. मग फोरमनच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. नाकात नळी असताना मला म्हणाले, "तू उभा राहा. हात मागे. तोंड उघडायचं नाही."

त्या रविवारी मी उभा राहिलो. तासाभरानं कंपाउंडर आले, रस्त्यापलीकडच्या टपरीवरून. माझ्याकडे उजवा कान करून म्हणाले की पाच महिने ते तिथूनच बघत होते.

"भीती माराची नव्हती," ते म्हणाले. "पण तो रडला असता तर मी काय करणार होतो?"

आणि त्यांनी मोरावर हात टाकला. पितळवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तीनशे सांगितले. कंपाउंडरांनी शंभर म्हटलं, मान हलवली आणि पाठ फिरवून चालू लागले. मी पावलं मोजू लागलो. एक पाऊल, दोन पावलं. दहाव्या पावलावर पितळवाल्यानं हाक मारली. दीडशेला सौदा झाला.

मी तिथूनच फोरमनना फोन लावला. म्हटलं, हात पडला.

"कितीला?"

"दीडशे."

"महाग घेतला," फोरमन म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कंपाउंडरांच्या उजव्या कानाशी वाकून ते जसंच्या तसं सांगितलं. ते हसले, अडकित्ता रुमालात गुंडाळला, आणि कुठल्या दवाखान्यात ठेवलंय म्हणून विचारलं.