खाटेखालची बाटली आणि बंदूक

ताडकळसच्या बाजारात मेथीवर पाणी शिंपडणारी ती बाई मला अजून धुळीत तरंगल्यासारखी दिसते. आमदारकीच्या दोन उमेदवारांची तुलना करणारं आमच्या मतदार जागृती गटाचं पत्रक मी तिला तावातावानं वाचून दाखवत होतो. दवाखान्याबद्दल दोघांचंही एकच, नवी इमारत. एक म्हणतो दारूबंदी करू, दुसरा म्हणतो रानडुकरं मारायला बंदुकीचे परवाने देऊ.

डोळे मिटून ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"लेकरा, तुमी दारू येगळी लिवली, बंदूक येगळी. माझ्या मालकाची बाटली आन् बंदूक एकाच खाटेखाली हाय. मी वरी निजते. त्याची दारू सोडवायला डाक्टर कोण देतंय?"

पत्रक उलटून-पालटून बघत मी म्हणालो, "कुणीच नाही, मावशी."

"मग तसं लिव की!"

उरलेल्या प्रत्येक पत्रकावर मी ते हातानं लिहिलं.