ईदीचं पाकीट

माझा भाऊ चिकट नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर गल्लीतल्या बायका पुढचं ऐकायच्या आत त्याला शिव्या घालतील, आणि तो हक्क मी अजून दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. मार्केट यार्डात त्याचा फळांचा गाळा आहे. वर्षभर हातात राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा गरिबाला द्यायचा, ती जकात तो दर रमजानमध्ये न चुकता काढतो. मी त्याची थोरली बहीण. शिवाजी पेठेत तालमीमागच्या गल्लीत राहते, ब्लाऊज शिवते, फुटबॉलचा हंगाम आला की पोरांच्या जर्स्या कमी-जास्त करून देते.

अब्बा गेले तेव्हा त्यांचं पत्र्याचं घर आम्हा दोघांवर आलं. आमच्यात भावाचे दोन हिस्से, बहिणीचा एक. एक तर एक, पण तो अल्लाहने लिहून दिलेला आहे. भाऊ कागद घेऊन आला. "आपा, घर पाडून नवं बांधतोय. तुझी सही लागती." मी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झाले. बदल्यात काही मागितलं नाही. माझे मिस्टर भडकले, "येडी हाईस काय गं?" मी म्हटलं, हिस्सा मागितला की माहेरचं दार बंद होतं. आमच्यातल्या बहुतेक बायका अशाच सह्या करतात, आणि बहिणीचा हक्क काय ते मग मौलानांच्या बयानात बसून ऐकतात.

तिथे तीन मजले उभे राहिले. सहीनंतर तीन वर्षांनी मिस्टर वारले, आणि त्या रमजानपासून पाकीट सुरू झालं. तोवर ईदेची भेट, ईदी, म्हणून मला ड्रेसचं कापड आणि डझनभर बांगड्या मिळायच्या. आता भावजय स्वयंपाकघरात बोलावून जाडजूड पाकीट माझ्या मुठीत कोंबायची. "ईदी हाय, आपा. न्हाय म्हणू नका." मी न्हाय कशाला म्हणेन? मला वाटायचं, भावाला त्या सहीची जाण आहे. तोंडाने बोलत नाही, पण विसरलेला नाही. खरं सांगते, त्या पैशापेक्षा मला या विचाराचाच जास्त आनंद व्हायचा.

त्या पाकिटातून मी सगळ्यात आधी माझी स्वतःची जकात द्यायचे. शिवणकाम करणाऱ्या बाईला कसली जकात, असं वाटेल. पण कपाटात अम्मीच्या पाटल्या आहेत, आठ तोळ्यांच्या. साडेसात तोळे सोनं असलं की जकात द्यायची, घ्यायची नाही, हे अब्बांनी आम्हा दोघांना एकाच चटईवर बसवून शिकवलं होतं. मिस्टरांच्या आजारपणात दवाखान्यापायी स्कूटर गेली, गॅरेजची हत्यारं गेली, पण पाटल्या मी हलू दिल्या नाहीत. अंगावर घालत नाही, कारण शिवताना मशीनला अडकतात. सोन्याचा भाव चढला की लोक खूश होतात, मी हिशेब मांडत बसते, कारण जकातही चढते. भावाची ईदी नेमकी वेळेवर यायची. त्यातून जकात मी गल्लीच्या टोकाच्या आजारी बाईला नेऊन द्यायची, उरलेल्यात थोडं अत्तर घ्यायचं आणि गल्लीतल्या पोरींना आईस्क्रीम चारायचं. "खावा गं, माझ्या भावाची ईदी हाय!" नऊ वर्षं मी हे मिरवलं.

यंदा भावजय धाकट्या लेकासोबत मक्केला उमऱ्याला गेली होती. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मी भावाकडे गेले तर त्याची नवी सून ओट्यापाशी उभी होती. गुणी पोर आहे, तिचा यात काही दोष नाही. तिच्यापुढे एकसारखी पाकिटं रचून ठेवलेली. वरचं उचलून तिने दोन्ही हातांनी मला दिलं.

"फुफी, ही जकातीची पाकिटं. सासऱ्यांनी पयलं तुमचंच काढलंय. नात्यातल्या गरिबाला दिलं की दुप्पट सवाब असतोय म्हणत्यात न्हवं?"

मी पाकीट परत त्या ढिगावर ठेवलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि घरी आले. वाटेत मिस्टर आठवले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ही म्हण आमच्याही घरात चालते, तुळस नसली तरी. माझ्याच हिश्श्यावर तीन मजले चढवायचे, आणि गरीब म्हणून पहिलं पाकीट माझं! ताक मागायला मी गेले नव्हते, भांडं त्याने माझ्या हातात दिलं होतं.

इफ्तारनंतर तो पाकीट घेऊन आलाच.

"आपा, एवढं काय झालं? घेणाऱ्याला सांगायचं नसतंय. तुझा मान राखायसाठीच न्हाय सांगितलं."

"मी ईदी म्हणून घेत होते."

"ईदी म्हण, जकात म्हण. भावानंच दिलंय की."

तो खोटं बोलत नव्हता, हे जास्त लागलं. त्याला खरंच दोन्हींत फरक दिसत नव्हता. मी पाकीट त्याच्या खिशात घातलं आणि दार लावून घेतलं. यंदाची जकात मी शिलाईचा ॲडव्हान्स मागून दिली.

ईदेच्या दिवशी जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. कपाट उघडून पाटल्या घातल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. सुनेने दोघांना शीरखुर्मा दिला. मी वाटी घ्यायला हात पुढे केला आणि भावाची नजर माझ्या मनगटावर थांबली.

"ह्या... दुल्हाभाईंच्या दवाखान्यात गेल्या न्हवं?"

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मला वाटलं."

"नऊ वर्षं वाटलं. एकदा विचारायचं होतंस की."

त्याने चमचा खाली ठेवला. चेहरा पार उतरला. आता हा म्हणेल, आपा, चुकलो. मी तयारच होते. दोन शिव्या घातल्या असत्या, रडले असते, आणि तो विषय तिथेच संपला असता.

"म्हंजे आपा," तो हळूच म्हणाला, "माझी नऊ वर्षांची जकात झालीच न्हाय?"

मी शीरखुर्मा सावकाश संपवला. वाटी सुनेच्या हातात दिली.

"मौलानांना विचार," मी म्हटलं. "तेवढं तरी विचार."