पांढरी पाचच्या पुढं

दाजींनी ती गाडी ट्रकच्या मागं दोर बांधून आमच्या अंगणात आणली, तेव्हा आई पिठाच्या हातानंच दारात आली आणि म्हणाली, “घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.” दाजी मोठ्यानं हसले. ते जावई होते, त्यांना सगळ्यावर हसायची मुभा होती. मी तोवर बॉनेट उघडून आत डोकं घातलं होतं.

एकाहत्तर साल, थंडी सरत आली होती. आम्ही भिंगारला राहत होतो. वडील शाळामास्तर. रविवारी चर्चमध्ये उपासनेला पुढच्या बाकावर बसणारे आणि खोटं बोलणाऱ्याला दारात उभं न करणारे. मी नगरच्या एका वर्कशॉपात टर्नर होतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी ताई तीन गल्ल्या पलीकडं दिलेली, आणि तिचे यजमान हे दाजी. मूळचे कोल्हारचे, एका ठेकेदाराचे ट्रक सांभाळायचे. गाडी त्यांनी लिलावात उचललेली, दोन दारांची, विलायती. इंजिन चार सिलिंडरचं आणि पार जाम झालेलं.

पावसाळ्याआधी लष्कराच्या मैदानाभोवती मोटारींची शर्यत व्हायची होती, आणि बाहेरच्या गाड्यांनाही परवानगी होती. मोठ्या गाड्यांना मागं टाकायचं असं दाजींनी ठरवून टाकलं. लहान इंजिनानं मोठ्याशी झुंजायचं तर वाट एकच, ते जास्त वेगानं फिरवायचं. “तू इंजिन कर, मी हाकतो,” असा आमचा करार झाला.

मला शर्यतीचं वेड नव्हतं. पुण्याचे एक गॅरेजवाले कामासाठी आमच्या वर्कशॉपात आले होते. ते शर्यतीची इंजिनं बांधायचे. मी बोअर केलेल्या सिलिंडरमधून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “तुझं स्वतःचं एखादं इंजिन दाखव. शर्यत पुरी करून आलं, तर माझ्याकडं ये.” दुसऱ्याच्या मापानं लोखंड कातत बसण्यापेक्षा आपल्या डोक्यानं इंजिन बांधायचं, एवढीच माझी हाव होती. त्या एका वाक्यावर मी चार महिने जगलो.

इंजिनानं मात्र मला जगू दिलं नाही. आतला दाब वाढावा म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, घासून पातळ केलं, तर त्याखालचं गास्केट फाटलं. दुसरं बसवलं, तेही फाटलं. तिसऱ्या खेपेला कळलं की खाली सिलिंडरांच्या ब्लॉकचा माथाच केसभर वाकडा आहे. तो सपाट केला, तर पाणी उकळायला लागलं. रेडिएटर उघडून पाहतो तो आत हळद! कुणा मागच्या मालकानं गळती बुजवायला मूठमूठ कोंबली होती, आणि तिचा चिखल होऊन नळ्या तुंबल्या होत्या. ती खरवडून काढता काढता माझी बोटं मनगटापर्यंत पिवळी झाली. “नवरी कुठाय रं?” म्हणून आईनं आठवडाभर पिडलं.

तापायचं थांबलं, तर इंजिन थरथरायला लागलं. चार पिस्टन आणि चार कनेक्टिंग रॉड, सगळ्यांची वजनं सारखी हवीत, आणि वर्कशॉपातल्या काट्याला किलोखालचं काही कळत नव्हतं. म्हणून मी सगळे धुऊन, फडक्यात बांधून कापडबाजारातल्या एका सराफाकडं गेलो. “सोन्याचा काटा हाय ह्यो,” तो म्हणाला, “लोखंड ठिवलं तर लक्ष्मी रुसंल.” पण गिऱ्हाईक नव्हतं आणि माणूस हौशी होता. एका पारड्यात एक पिस्टन, दुसऱ्यात दुसरा, असं त्यानं लावलं. मग मी पायरीवर कानस घेऊन बसलो, आणि तो आतून ओरडायचा, “आजून दोन गुंजा!” दुपार अशी गेली. जाताना त्यानं मला दागिने उजळायचं फडकं दिलं, आणि त्यानं मी पिस्टनचे माथे आरशासारखे लखलखीत केले. काही गरज नव्हती, पण केले.

उरलं एकच दुखणं, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरची दारं. कॅम ती उघडतो, स्प्रिंग मिटवते. इंजिन फार जोरात फिरलं की थकलेली स्प्रिंग दार वेळेवर मिटवू शकत नाही, आणि वर येणारा पिस्टन त्या उघड्या दाराला धडकतो. नव्या स्प्रिंगा मुंबईहून यायच्या होत्या. तोवर मिनिटाला पावणेसहा हजार फेरे, त्याच्या पुढं नाही. पण फेरे मोजायचं मीटर गावात होतं कुणाकडं?

होती ती ताईची पेटी. ताई उपासनेला पेटी वाजवायची, आणि लग्नानंतरही ती पेटी आमच्याच घरी होती. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा धडाका देतं, म्हणजे पावणेसहा हजार फेऱ्यांना सेकंदाला एकशे नव्वदच्या आसपास धडाके. वडिलांच्या शाळेतून मी दोनशे छप्पन कंपनांचा नादकाटा आणला. ताईनं त्याच्याशी पेटी ताडून पाहिली, मी कागदावर भागाकार केला, आणि माझा भागाकार संपायच्या आत तिनं बोट ठेवलं होतं. खालच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी.

मग रोज संध्याकाळी आमचा कार्यक्रम. ताई चटईवर बसून पांढरी पाच दाबून धरायची, मी हळूहळू इंजिन चढवायचो. इंजिनाचा सूर पेटीच्या जवळ आला की दोन्हींमध्ये लाटा उठायच्या, मग त्या संथ व्हायच्या, आणि एका क्षणी पेटी वेगळी ऐकूच यायची नाही. तेव्हा ताई हात वर करायची. तिचा हात वर गेला की थांबायचं. मास्तरांची पोरं मोटारीला भजन शिकवतायत, असं गल्लीत बोललं जायचं. पंधरा दिवसांत तिला पेटीही लागेनाशी झाली. डोळे मिटून ऐकायची आणि बरोबर त्या जागी हात वर. तिच्या कानावर माझा इतका भरवसा होता की माझ्या मायक्रोमीटरवर तेवढा नसेल.

दाजींना मी तिच्यासमोरच सांगितलं, “नव्या स्प्रिंगा येईपर्यंत ताईचा हात वर गेला की पाय उचलायचा.”

“आरं, सबूद दिला म्हंजी दिला,” दाजी म्हणाले. “तुझी बहीनच शेजारी बसंल, मग तर झालं?”

शर्यत आठ दिवसांवर आली होती, नव्या स्प्रिंगा अजून आल्या नव्हत्या. त्या रविवारी मला तिसगावला मावशीकडं दुखवट्याला जावं लागलं. कोल्हारला आईला भेटून येतो, सावकाश नेतो, इंजिनही जरा मोकळं होईल, असं दाजी म्हणाले आणि ताईला घेऊन निघाले. संध्याकाळी मी परत आलो, तर गाडी पुन्हा ट्रकच्या मागं दोराला बांधलेली. ब्लॉकच्या कुशीला मुठीएवढं भोक पडलं होतं, आणि तुटलेला रॉड त्यातून बाहेर आला होता. अंगणभर तेलाचा माग होता.

“मामा, चाळिसाच्या वर न्हेलीच न्हाई,” दाजी वडिलांना सांगत होते. “ह्यानं बेरिंग नीट बसवलं नव्हतं. आमचा जीवच जायचा आज.”

वडिलांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ते ताईकडं वळले. “खरं?”

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “हो बाबा,” ती म्हणाली. “हळूच चाललो होतो.”

मग वडील मला म्हणाले, “तुझ्या हातावर विश्वास ठेवून तुझी बहीण त्या गाडीत बसली होती.” आणि ते आत निघून गेले.

मी विश्वास ठेवला. हे सांगायला आज लाज वाटते, पण ताईनं सांगितलं म्हणून मीही विश्वास ठेवला. दोन आठवडे मी माझाच अपराध शोधत होतो. कुठला नट कमी आवळला? कुठल्या बेअरिंगची फट चुकली? वर्कशॉपात एकेक माप तीनतीनदा घ्यायला लागलो, आणि फोरमननं मला बोअरिंगवरून काढून पाइपांना आटे पाडायला बसवलं. शर्यत आमच्याशिवाय झाली. पुण्याचे गृहस्थ ती बघायला आले होते. दाजी त्यांना मैदानावर भेटले आणि माझा हात कसा चुकला ते त्यांनी सविस्तर सांगितलं. त्यांचा निरोप मला वर्कशॉपात मिळाला, पोराचा हात अजून कच्चा आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी इंजिन उतरवून उघडलं. चूक सापडावी, निदान कळावं, एवढ्यासाठीच. हेड उचललं आणि फडक्यानं काजळी पुसली. एक पिस्टन तर फुटलाच होता, पण त्याच्या शिल्लक तुकड्यावर एक ताजी अर्धचंद्राची खाच होती. पुढचा पिस्टन पुसला, त्यावरही तशीच. तिसऱ्यावर, चौथ्यावर. सराफाच्या फडक्यानं लखलखीत केलेल्या त्या चारही माथ्यांवर व्हॉल्व्हच्या कडा उमटल्या होत्या.

एक बेअरिंग गेलं असतं, तर एक सिलिंडर गेला असता, बाकीचे तीन स्वच्छ राहिले असते. चारही पिस्टन दारांना धडकले, म्हणजे कुठलंच दार वेळेवर मिटलं नव्हतं. कॅम फिरवणारी साखळी सरकली तरी असं होतं, म्हणून तीही तपासली. शाबूत होती, खुणेला खूण जुळत होती. चाळिसाच्या वेगाला हे होतच नाही. इंजिन पांढरी पाचच्या खूप पुढं गेलं होतं, आणि तेव्हा ताई त्याच्या शेजारी बसली होती.

ती दुपारी रविवारची गीतं बसवायला पेटीवर आली. घरात आम्ही दोघंच होतो. मी पिस्टन तिच्यासमोर पेटीच्या झाकणावर ठेवला.

“कुठपर्यंत गेला होता आवाज?”

तिनं पिस्टन उचलला, खाचेवरून अंगठा फिरवला. “पांढरी सहाच्या वर,” ती म्हणाली. तिला आठवावंही लागलं नाही. “राहुरीच्या अलीकडं एक नवी मोटार आमच्या पुढं गेली. मी हात वर केला. दोनदा केला. त्यांनी माझा हात धरून खाली मांडीवर दाबून ठेवला.”

“मग बाबांनी विचारलं तेव्हा?”

“तुझे दाजी माझ्याकडं बघत होते.” मग ती म्हणाली, “मला तिथं नांदायचंय, भाऊ. ते रागावले तर काय होईल ते मला माहीत आहे. तू रागावलास तरी माझा भाऊच राहशील ना?”

तिची दया यायला हवी होती, असं कुणीही म्हणेल. मला नाही आली. मला राग आला, इतका की पिस्टन तिच्या हातातून हिसकावून घेतला. दाजींचं खोटं मी पचवू शकत होतो. नाचता येईना अंगण वाकडं, अशी माणसं जगात खोऱ्यानं आहेत. पण तो आवाज जगात एकाच माणसानं ऐकला होता, आणि तोच कान मी स्वतः तयार केला होता. मी दोन आठवडे स्वतःला खात होतो हे ती बघत होती. माझ्या ताटातली भाकर उरलेली बघत होती. भाऊच राहशील म्हणून माझी किंमत कमी धरली तिनं.

पिस्टन घेऊन मी वडिलांकडं जायला उठलो. दारापर्यंत गेलो आणि थांबलो. खोट्याला दारात उभं न करणारा माणूस तिला काय म्हणेल ते मला ठाऊक होतं, आणि त्यानंतर तिला ना तिकडचं घर राहिलं असतं ना इकडचं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी परत फिरून म्हटलं, “तूच सांग बाबांना. तुला जमेल तेव्हा सांग. तोवर मी गप्प राहतो.”

“सांगते,” ती म्हणाली.

गाडी भंगारात गेली. मी पाइपांना आटे पाडत राहिलो. ताई दर रविवारी येत होती, पेटी वाजवत होती. दर रविवारी जेवताना मला वाटायचं, आज सांगेल.

त्र्याहत्तरच्या नाताळाआधी आईचं शिवणयंत्र अडलं. आवाजावरूनच मला कळलं की शटलमध्ये दोरा गुंतलाय, पाच मिनिटांचं काम. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो, तर वडील चष्म्यावरून बघत म्हणाले, “तू राहू दे. बाजारपेठेतून माणूस बोलावलाय मी.” रागानं नाही, अगदी समजुतीनं म्हणाले, मला वाईट वाटू नये म्हणून.

ताई तिथंच चटईवर बसली होती, करंज्यांसाठी खोबरं किसत. मी तिच्याकडं पाहिलं. ती मान खाली घालून किसत राहिली.