बिब्ब्याच्या खुणेचे शिंपले

बाळांनो, तुमच्या थोरल्या भावाने विलायतेहून पत्रात लिहिले आहे की तिकडे आगबोटीतून समुद्राच्या तळावर जाळे ओढतात आणि वर काय आले त्यावरून खाली काय राहते ते ठरवतात. ते वाचून मला पूर्णा नदीतला डोह आठवला.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत अतोनात मागणी आली होती, आणि गाड्यांना अकोल्याकडे जाताना नदी ओलांडायला उतार हवा होता. माझे वडील रस्त्याच्या कचेरीत कारकून होते. साहेबाचा हुकूम असा, की डोहात मासे धरणाऱ्या भोयांच्या पोटापुरते काही असेल तर उतार वरच्या अंगाला करावा. नसेल तर डोह दगडांनी भरून काढावा.

वडिलांनी भोयांकडूनच जाळे चार वेळा तळावरून ओढवले. दोन मासे आणि मूठभर शिंपले निघाले. 'डोह रिकामा' असे लिहायला ते बसले, तेव्हा एक म्हातारी भोईण पुढे आली. उन्हाळ्यात मासे कमी झाले की तिचे घर शिंपल्यांवरच चाले.

"लिहू नका, भाऊ. खाली लय हायेत."

"जाळे तुमचेच ना, बाई?"

"आमचंच हाये. म्हनून तर त्याचं खोटं मले मालूम. ते मासोळीसाठी विनलं. शिंपली चिखलात घुसून बसते, जाळं तिच्या डोक्यावरून जाते. खुर्चीवरून उठा, पाय टाका पान्यात, मंग समजन तुमाले."

वडील हसले नाहीत की रागावले नाहीत. तिने पायाच्या बोटांनी चाचपून चाळीस जिवंत शिंपले काढले. ते पुसून मी प्रत्येकावर बिब्ब्याचा ठिपका दिला, परीट कपड्यांवर देतो तसा. तो पाण्याने जात नाही. मग वडिलांनी ते पुन्हा डोहात सोडायला लावले, या चाळिसांतले जाळ्यात किती येतात ते पाहायला. दोन दिवसांनी तेच जाळे तसेच चार वेळा ओढले.

खुणेचे पाच आले.

वडिलांनी कचेरीला लिहिले, की जाळ्यात एक शिंपला आला तर तळाशी आठ आहेत असे धरावे. पुराव्यादाखल ते पाच शिंपलेही पाठवले. साहेबाने विचारले, मोजणी कोणी केली? एका भोईणीने आणि कारकुनाच्या मुलीने, असे कळल्यावर त्याने तो कागद बाजूला ठेवला. पहिल्या चार खेपांचा आकडा कायम राहिला.

दगडांच्या गाड्या आल्या त्या सकाळी भोईण कमरेइतक्या पाण्यात उभी होती. पायाने चाचपून शिंपले टोपलीत टाकत होती, वरच्या पाण्यात नेऊन सोडायला. मुकादमाने हाक मारली तेव्हा ती बाहेर आली. टोपलीत मी सवयीने ठिपके मोजले. अकरा होते.

"बाकीचे?" मी विचारले.

तिने टोपली डोक्यावर घेतली. गाडीवानाने गाडी उलटवली, आणि पहिला दगड पाण्यात गेला.

पाच कचेरीत, अकरा टोपलीत; चाळिसांतले चोवीस खालीच राहिले. बिनखुणेचे किती होते, ते कोणीच मोजले नव्हते.