फुकटचा चार्जर अन् आंगणातला खड्डा

जावायाच्या गाडीचा चार्जर मले फुकटात भेटला, अन् थो भितीले लावता लावता मी पार नागवला गेलो.

मी घाटंजीपासून थोडं आंत, खेड्यात राह्यतो. स्टँडवर माहा पानठेला हाय. शिक्षण म्हणाल तं तिसरीत मास्तरनं हात जोडले, म्हणे, "बापू, तू घरीच बरा." तवापासून मी घरी बरा हाय. (घरचे म्हणतात, तू ठेल्यावर बरा.)

तं झालं असं. माही एकुलती एक पोरगी पिंकी नागपूरले देली. लग्नाले दोन वर्षं झाले, पण माहेरी एक मुक्काम म्हणून नाई! सकाळी येते, जेवते, संध्याकाळी चालली. यंदा धोंड्याचा महिना आला. जावायाले बलावून अनारशाचं वाण द्याचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालाचे. माही बायको शोभा महिनाभर आंधीपासून अनारशाचं पीठ घेऊन बसली. अन् पिंकीचा फोन आला.

"बाबा, या टायमाले चार दिवस राहू. पण यायनं लाईटवर चालणारी कार घेतली. एका चार्जिंगमंधी जाणं-येणं होत नाई. तुमच्याइकडं सोय नसन तं यवतमाळले हॉटेलात थांबतो, तिथं चार्जिंग हाय. जेवाले येऊन जाऊ."

हॉटेलात! बाप जिवंत अन् पोरीचा मुक्काम हॉटेलात! शोभानं माह्याकडं असं पाह्यलं, जसं काई थे हॉटेल मीच बांधलं.

"या बिनधास्त!" मी ओरडलो. "कार काय, एसटी आणली तरी चार्ज करून देतो!"

जावाईबापू भलतेच खुश. म्हणे, "मामाजी, गाडीसोबत चार्जर फुकट भेटलाय. आमच्या बिल्डिंगवाल्यांनी लावू नाही दिला, पलंगाखाली पडून आहे. पाठवून देतो."

खोकं आलं. दोन दिवस मी थे ठेल्यावर सुपारीच्या बरणीपाशी ठेवलं अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवलं. तिसऱ्या दिवशी गजू वायरमनले बलावलं. गजूनं मीटर पाह्यलं, वायर पाह्यली, मंग माह्याकडं पाह्यलं. डॉक्टर पाह्यते ना, तसं.

"काकाजी, चार्जर मस्त हाय. पण तुमचं घर त्याले चालत नाई."

"काहून? सोयरीक जोडून राह्यला का थो?"

"तुमच्या घरची वायर म्हंजे शेवई हाय."

"मंग कूलरच्या बोर्डात लाव ना बे!"

"लावतो. मंग जावायाले सांगा, गाडी पाहाले नाई, घर बांधाले या."

अन् गजूनं बोटं मोजाले सुरुवात केली. मीटरचा लोड वाढवा लागन. मीटरपासून आंगणापर्यंत तांब्याची जाडी वायर लागन. बोर्ड वेगळा, बटन वेगळं. अर्थिंगसाठी आंगणात पुरुषभर खोल खड्डा लागन.

"तांब्याचीच कायले? सोन्याची टाक!"

"तांबंच सोन्यासारखं झालं, काकाजी."

"सगळं मिळून किती?"

"चाळीस हजार धरून चाला."

राजेहो, चार्जर भितीले लागाच्या आंधीच मले करंट लागला! मी मटकन खाली बसलो. शोभा माह्यासाठी पाणी घेऊन धावत आली, तिनं आकडा आयकला, अन् थे पाणी सोताच पेली.

"अबे, फुकटच्या चार्जरले चाळीस हजार?"

"चार्जर फुकटच हाय, काकाजी. त्याचा एक रुपया मी लावला का?"

ठेल्यावर थंड्याच्या बाटल्या ठेवाले नवा फ्रीज घेणार होतो. थो फ्रीज गेला तांब्याच्या वायरीत. तरी म्हटलं, जाऊ दे, पोरगी चार दिवस घरी झोपन.

खड्ड्यासाठी नामदेव नावाचा मजूर लावला. गजूच्या सांगण्यानं मी मिठाचं पोतं आणलं, कोयसा आणला, तांब्याची पट्टी आणली, सगळं खड्ड्याच्या काठावर मांडलं. (अर्थिंगच्या खड्ड्यात हेच टाकतात. मलेबी तवाच समजलं.) अन् खड्ड्यापाशी उभा राहून मी गजूले फोन लावला. माहा आवाज तसा मोठा. फोन नसता तरी त्याले आयकू गेला असता.

"हो बे! मीठ आलं, कोयसा आला, तांबं आलं! रविवारी जावाई येऊन राह्यले, त्याच्या आंधी खड्डा तयार पायजे! जावायासाठीच तं खणून राह्यलो!"

खड्ड्यातलं फावडं एकदम थांबलं. भितीपलीकडं शेजारच्या सुमनकाकू कुरड्या वाळू घालत होत्या, त्यायचा हात थांबला. (पिंकीची सोयरीक याच काकूनं जुळवली होती.) नामदेव वर आला, पाय न धुता चप्पल हातात घेतली, म्हणे, "मालक, पोट दुखून राह्यलं," अन् जे पळाला! पोट दुखणारा माणूस इतका जोरात पळते, हे मी पह्यल्यांदा पाह्यलं. उरलेला खड्डा मीच खणला.

संध्याकाळी ठेल्यावर बाजूच्या गावचा एक गिराईक आला. पान तोंडात टाकून हळूच म्हणे, "आयकलं का भाऊ? तुमच्या गावात कोणीतरी गुप्तधन काढून राह्यला. मीठ, कोयसा, तांबं, सगळी पूजा मांडली म्हणे. अन् जावायाचा बळी देणार हाय!"

"जावायाचा?" माह्या आंगावर काटा आला! "कोण हाय बे थो राक्षस? अशाले गावातून हाकललं पायजे!"

"नाव नाई मालूम. सुमनबाईच्या शेजारी राह्यते म्हणे."

मी विचार केला. सुमनकाकूच्या एका बाजूनं शाळा हाय. दुसऱ्या बाजूनं... मी हाय!

ठेला तसाच टाकून घरी धावलो. आंगणात जत्रा! अर्धं गाव खड्ड्यात वाकून पाहून राह्यलं. गावचे पोलीस पाटील पुढं आले, माह्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं म्हणे, "भाऊ, खरं सांग. किती निंघालं?"

"निंघालं नाई, पाटील, गेलं!" मले रडूच आलं. "चाळीस हजार गेलं! लोक धन काढाले खणतात, मी गाडाले खणला!"

पाटलायले लगेच पटलं. म्हणे, "असं तोंड धन भेटलेल्या माणसाचं होत नाई. चला रे, घरी चला."

लोक गेले. पण सुमनकाकूनं तोपर्यंत नागपूरले पिंकीच्या सासूले फोन लावून टाकला होता!

रविवारी दुपारी गाडी आली. आवाज नाई, काई नाई, मांजरीसारखी दारात येऊन उभी. पिंकी उतरली. जावाईबापू काच अर्धी खाली करून आंगणातल्या बुजवलेल्या खड्ड्याकडं पाहून राह्यले.

"मामाजी, त्या खड्ड्यात काय आहे?"

"मीठ अन् कोयसा!" मी मोठ्या अभिमानानं सांगतलं.

काच पुन्हा वर गेली.

पिंकी मले बाजूले घेऊन म्हणे, "बाबा, मले सगळं समजलं, मी यायलेबी समजावलं. पण सासूबाईनं शपथ घातली, दिवस मावळाच्या आंधी गावातून निंघाचं. यवतमाळच्या हॉटेलात खोली घेतली."

शोभा अनारशाचं ताट घेऊन दारात उभी होती. ताट तसंच घेऊन आंत गेली. राजेहो, चाळीस हजाराच्या वक्ती एवढा धक्का नव्हता बसला!

"निदान चार्ज तं करून जा," मी म्हटलं. माहा आवाज मलेच आयकू नाई आला.

गाडीत बावीस टक्के उरले होते. मी नारळ फोडला, गजूनं बटन दाबलं, हिरवा लाईट लागला. आमी जेवाले बसलो. मे महिन्याची दुपार, गल्लीत घरोघरी कूलर फुल. जावाई तिसरा धोंडा घेऊन राह्यले, तेवढ्यात कोपऱ्यावरून आवाज आला. धडाम!

गल्लीची डीपी, म्हंजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, उडाली! सगळे कूलर एकदम चुप. मंग सगळे लोक एकदम चालू! माह्या बापापासून आज्यापर्यंत सगळ्यायचा उद्धार झाला. गजू म्हणे, "घाबरू नका, काकाजी. डीपी आंधीच मराले टेकली होती. तुमी फक्त पाणी पाजलं."

घरात अशी भट्टी झाली का जावायाच्या शर्टातून घाम टपकाले लागला. त्यायलेच दया आली. "मामाजी, गाडीत बसू. ए.सी. लावतो."

पुढं थे दोघं, मांगं मी अन् शोभा. काय थो गारवा! पोटात पुरण, आंगावर थंडी, दोन मिनिटात मी घोराले लागलो. मधात काचेवर टकटक झालं.

"पिंके, जागा हाय का वं?" सुमनकाकू! दार उघडून आंत आल्या अन् बळी देणाऱ्या राक्षसाच्या मांडीले मांडी लावून झोपल्या.

उन्हं उतरल्यावर सगळ्यायले जाग आली, तोपर्यंत ए.सी. बॅटरी पीत बसला होता. जावाईबापू पुढच्या काट्याकडं पाहून राह्यले होते, तोंड पांढरंफटक.

"मामाजी, सहा टक्के."

"मंग?"

"सहा टक्क्यांत यवतमाळ येत नाही."

"घाटंजी?"

"घाटंजीही नाही येत."

माह्या बाजूच्या शोभाचा बारीक आवाज आला, "मंग अंथरूण टाकू का?"

नवी डीपी याले चार दिवस लागले. चार दिवस आमी सगळे गच्चीवर झोपलो. मायलेकीच्या गोष्टी सरत नव्हत्या. जावायाची माय रोज फोन करून इचारे, "जिवंत हायस ना बाबू?" अन् बाबू अनारसं चावत म्हणे, "हो."

पाचव्या दिवशी डीपी बसली, चार्जर चालू झाला, गाडी पोटभर चार्ज झाली अन् पोरगी गेली. रिकाम्या आंगणात बसून मी हिशोब केला. चाळीस हजाराच्या चार्जरनं काय केलं? पोरीले घेऊन गेला! अन् तिले चार दिवस थांबवलं कोणं? माह्या घोरण्यानं! अन् थे काम तं, राजेहो, मी बिना वायरचं, बिना खड्ड्याचं, जन्मापासून करून राह्यलो!