मधेच बंद पडणारा ट्रक

बस चालवून चालवून कंबर गेली, गुडघे गेले, आणि रिटायर झाल्यावर मी काय करतो? ट्रक चालवतो. लालबागला, चाळीतल्या खोलीत, पोटमाळ्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून. लेकीच्या गेमिंग कॉम्प्युटरवर. हसा खुशाल. मजल्यावरचे सगळे हसून झालेत.

तो कॉम्प्युटर लेकीने स्वतः जुळवलेला. नोकरी लागली तसा एकेक पार्ट आणायची आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जोडत बसायची. मग ती जर्मनीला गेली आणि मशीन इथेच राहिलं. गेली म्हणजे कशी, तर जमलेलं लग्न मोडून गेली. साखरपुड्याला हॉल बघून झाला होता. तेव्हापासून बायकोने तिच्याशी बोलणंच टाकलं. फोन वाजला की ही मोरीत जाऊन भांडी घासायला बसते, आधीच घासलेली असली तरी.

राहिलो मी. मला फोनवर बोलता येत नाही. "जेवलीस?" "हो." "थंडी आहे?" "आहे." झालं, संपलं. दोघंही फोन धरून गप्प, आणि मग कुणीतरी म्हणायचं, बरं, ठेवते.

म्हणून तिनेच ही ट्रकची भानगड लावून दिली. रविवारी आमची जेवणं उरकली की ती तिकडून बसते, मी इकडून. एकाच रस्त्यावर दोन ट्रक, ती पुढे, मी मागे, कानाला हेडफोन. हात कामात असले की माणूस बोलतं, हे मला डेपोत माहीत होतं, घरात उशिरा कळलं. ऑफिसात कोण छळतं, घरमालकीण कशी खवट आहे, मधे ती आजारी होती ते, सगळं मला त्या रस्त्यावर समजलं. मीही सैल सुटायचो. "अगं, इंडिकेटर कोण देणार, तुझा सासरा?" असं एकदा बोलून गेलो आणि जीभ चावली. ती मात्र खो खो हसली. ती दुपार होती म्हणून मला लेक होती. नाहीतर होतं काय, "जेवलीस" आणि "हो".

आणि मेला तो कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

काही इशारा नाही, काही नाही. रस्ता सरळ चाललाय, ती सांगतेय, "बाबा, तुला खरं सांगू का, मला ना इथे..." आणि खट्. स्क्रीन काळा. परत चालू करून, परत जोडून घेईस्तोवर ती म्हणायची, "काही नाही रे, सोड." काय सांगणार होती, ते कायमचं गेलं. कधी पाच मिनिटांत बंद, कधी तास तास नीट. वेळ नाही, काळ नाही. बस अशी वागली असती तर लॉगशीट भरून वर्कशॉपला ढकलली असती. ह्याला कुठे ढकलू?

मी सगळं केलं. एक्स्टेन्शन बोर्ड बदलला. वायरमनला बोलावून अर्थिंग बघितलं. लेकीने सांगितलं म्हणून रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरने घासल्या. ती म्हणाली, "ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना झालाय, बदलायला हवा." म्हटलं, जुना ड्रायव्हर इथे एकच आहे, त्याला काय बदलतेस! तोही बदलला, म्हणजे कॉम्प्युटरमधला. फरक शून्य. शेवटी ते धूड टॅक्सीत मांडीवर घेऊन दादरला दुकानात नेलं. तिथे दिवसभर शहाण्यासारखं चाललं. दुकानवाला म्हणाला, "काका, ह्याला काही झालेलं नाही." जसं काही माझ्याच डोक्याला झालंय. घरी आणलं, एक रविवार बरा गेला, पुढच्या रविवारी पुन्हा खट्.

थकलो हो मी. खरंच थकलो. उतारवयात एवढं वाकणं, स्क्रू शोधणं, टेबलाखाली आडवं होणं, कशासाठी? बायको म्हणायची, "विकून टाका तो डबा, जागा अडलीये." ते मी ऐकून घ्यायचो. पण एका रविवारी तिसऱ्यांदा बंद पडल्यावर लेकच म्हणाली, "बाबा, राहू दे आता. फोनवर बोलू ना आपण." फोनवर आम्ही काय बोलतो ते मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, "शेवटचं एकदा बघू. तू सांग, मी करतो."

तिने मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. मी डब्याचं बाजूचं झाकण काढलं, टॉर्च मारली. ती म्हणाली, प्रोसेसर तापत असणार, फार तापला की मशीन स्वतःच बंद होतं. त्याच्या डोक्यावरचा पंखा फिरतोय का बघ. चालू केलं, तर पंखा फिरेना. नुसता जागच्या जागी थरथरत होता.

"बंद कर, बंद कर. मोबाइल जवळ ने. ते लाल काय आहे बाबा, पात्याच्या कडेला?"

मी बोट घालून काढलं. तांदळाचा दाणा. कुंकू लावलेला. टॉर्च खाली नेली, तर तळाला आणखी कितीतरी. अक्षता!

डब्याच्या वर जाळी असते, गरम हवा जायला. तिच्यावरचं धूळ अडवणारं बारीक कापड धुताना फाटलं म्हणून मीच फेकून दिलेलं. दाणा वरून पडायचा, पात्यात अडकायचा, पंखा बंद. डबा हलवला की दाणा सुटायचा, म्हणून दुकानात सगळं ठीक.

माझं डोकं सटकलं. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती. "अगं, हे काय? तांदूळ टाकतेस ह्यात? मी इथे मर मर मरतोय आणि तू..."

तिने वळून बघितलंही नाही. "तुम्ही दसऱ्याला डेपोत काय करायचात? बसला हार घालायचात, अक्षता टाकायचात, गाडी सुखरूप राहू दे म्हणून. ही पण गाडीच ना? आणि तिच्यात माझी पोर बसलेली असते. रविवारी तुम्ही मासे आणायला गेलात की टाकते दोन दाणे. काय मोठा गुन्हा केला?"

मोबाइल हातात तसाच चालू होता, आणि त्यात लेक होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मोबाइलमधून ती म्हणाली, "आई, वरून नको गं टाकू. समोर वाटीत ठेव."

बायकोने पदराला हात पुसले. ती मोरीकडे जाईल असं मला वाटलं. ती आली, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि त्या उघड्या डब्यासमोर जमिनीवर बसली. लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग एकदम मालवणीत म्हणाली, "काय गो, जेवलंस काय?"

"नाही," लेक म्हणाली आणि रडायलाच लागली. "नाही जेवले, आई."

मला ती इतके दिवस "हो" सांगत होती.

मी स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसून राहिलो. पंखा आता फिरतोय का, बघायचं होतं. पण मशीन चालू केलं नाही. त्याचा आवाज होतो, आणि त्या दोघी बोलत होत्या.