आसऱ्याचा मेल
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की कापसाचं पीक बुडालं त्या वर्षांतलं आर्णीचं इंटरनेट कॅफे आठवतं. सासरनं हाकललेल्या विधवेला आसरा हवा, असा मेल मी आमच्या संस्थेतर्फे जिल्ह्यातल्या संस्थांच्या सामायिक गटावर टाकला होता. ती बोचकं घेऊन शेजारीच बसली होती. वणीच्या एका संस्थेकडून उत्तर आलं. उघडलं, तर माझाच मजकूर; एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला पाठवत तो मलाच परत आला होता, वर "कृपया मदत करा" लिहून. कॅफेवाले चाचा म्हणाले, "मॅडम, तुमचीच चिठ्ठी घूमफिरके तुमालेच आली." ती हसली नाही. "मंग मी आज कुठी जाऊ, बाई?" जागा मिळेपर्यंत म्हणून मी तिला संस्थेच्या ऑफिसात सतरंजी घालून दिली. पुढं सतरंजीची खाट झाली, जागा मिळाली नाही. गेल्या महिन्यात ती तिथंच वारली.